उसनी हनुवटी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

क्रिकेटच्या गप्पांत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी एक खेळ खेळलेला असतो. सेहवागला गावसकरांचा बचाव दिला असता तर? अमुक गोलंदाजाला तमुकाचा यॉर्कर मिळाला असता तर? सामना पावसानं थांबला, चहा आला, की हा विषय निघतोच. मी ज्या व्यायामशाळेत वाढलो तिथं हाच खेळ चालायचा, पण मुष्टियोद्ध्यांचा.

ही गोष्ट १९७०च्या दशकातली, मुंबईतल्या गिरणगावातली. चाळीच्या मागे पत्र्याची शेड, आढ्याला टांगलेली एक वाळूची पिशवी आणि चौघांत मिळून एक ग्लोव्ह्जची जोडी. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले मास्तर. परदेशातल्या लढती बघायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. रद्दीच्या दुकानातून आणलेली इंग्रजी मासिकं आणि वर्तमानपत्रांतल्या चार ओळी एवढंच आमचं भांडवल. त्यावर आम्ही तासन् तास बोलायचो. खेळाचा नियम सोपा होता. एका बॉक्सरला दुसऱ्याची एकच गोष्ट उसनी द्यायची. बाकी माणूस आहे तसाच ठेवायचा. मग सांगायचं, त्याचं काय झालं असतं?

माझा आवडता उमेदवार होता इंग्लंडचा हेन्री कूपर. त्याचा डाव्या हाताचा हुक जबरदस्त होता. १८ जून १९६३ रोजी वेम्बलीच्या मैदानावर, चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी, त्यानं तो हुक एका एकवीस वर्षांच्या अमेरिकन पोराला मारला आणि पोरगं दोरांवरून घसरत खाली बसलं. पोरगं म्हणजे कॅशस क्ले, पुढचा महंमद अली. घंटेनं त्याला वाचवलं. मग त्याच्या ट्रेनरनं, अँजेलो डंडीनं, ग्लोव्ह फाटल्याची तक्रार केली आणि थोडा वेळ गेला. दंतकथेत तो वेळ वाढत वाढत काही मिनिटांचा झाला, चित्रफितीत मात्र सेकंदांचाच दिसतो. असो. पाचव्या फेरीत कूपरच्या डाव्या डोळ्यावर अशी खोक पडली, की रेफ्रीनं लढत थांबवली. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, लंडनमध्येच हायबरीच्या मैदानावर दोघं पुन्हा भेटले. सहावी फेरी, पुन्हा खोक, पुन्हा रक्त, पुन्हा लढत बंद. कूपरच्या भुवईची हाडं पुढं आलेली आणि कातडी पातळ. तिथं ठोसा नुसता घासला तरी रक्ताची धार लागायची.

मी म्हणायचो, याला फक्त कातडी द्या. कॅनडाच्या जॉर्ज शुव्हालोची द्या. शुव्हालो व्यावसायिक कारकिर्दीत ९३ लढती खेळला आणि एकदाही खाली पडला नाही. १९६६ मध्ये टोरांटोत अलीनं त्याला पंधरा फेऱ्या झोडपलं, तरी हा आपला पुढंच येत होता. त्याची कातडी लाभली असती तर कूपर जगज्जेता झाला असता, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

या खेळात आमचा एक प्रतिस्पर्धी कायम गप्प बसायचा. त्याला कुणाचंच काही उसनं नको असायचं. आम्ही त्याला ‘वरवंटा’ म्हणायचो. त्याची हनुवटीच तशी होती. उंचीनं बेताचा, हात आखूड, पायांत चपळाई नाही. पण मारा कितीही, तो मान झटकून हसायचा आणि पुढं यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. माझे हात लांब होते, जॅब बरा होता. पण हनुवटीवर एक नीट ठोसा बसला की माझ्या पोटऱ्यांतलं बळ जायचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोनदा तसंच झालं. रात्री चाळीच्या गॅलरीत पडून मी विचार करायचो, याची हनुवटी मला मिळाली तर!

हनुवटी पक्की म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. जबडा म्हणजे एक तरफ. टोकाला ठोसा बसला की डोकं झटक्यात गर्रकन फिरतं. कवटी फिरते, पण आतला मेंदू क्षणभर मागं राहतो आणि हिसका खातो. ज्याची मान जाड, ज्याला ठोसा येताना दिसतो, त्याचं डोकं कमी फिरतं. काही जण इतरांपेक्षा जास्त सोसतात, ते का, याचा पुरता उलगडा अजूनही झालेला नाही. पण एक गोष्ट नक्की. उभं राहणं म्हणजे मेंदूला काहीच न लागणं नव्हे. अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सरांची चाल आणि बोलणं पुढं बिघडतं. आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत तो लेख कुठून पोचणार?

वरवंटा मार पचवतो म्हटल्यावर सगळ्यांना सरावाला तोच हवा असायचा. स्पर्धा जवळ आली की मोठ्या वजनाची पोरंसुद्धा त्याच्यासमोर उभी राहायची. आम्हीही राहायचो. मास्तर कधी कधी ओरडायचे, ‘पुरे, त्याला सोडा.’ तोच म्हणायचा, ‘मास्तर, अजून एक फेरी.’

हा खेळ वाटतो तितका सोपा नाही, याची पहिली शंका मला जो फ्रेझरमुळं आली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला, पंधराव्या फेरीत, ज्या डाव्या हुकनं त्यानं अलीला पाठीवर पाडलं, तो हुक आम्ही प्रत्येक जण कुणा ना कुणाला देत असू. पुढं कळलं, की लहानपणी दक्षिण कॅरोलायनातल्या शेतावर एक डुक्कर मागं लागलं, जो पडला आणि त्याचा डावा हात मोडला. डॉक्टरला पैसे नव्हते. हात वाकडाच जुळला आणि पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. हुक मारायला हात जसा वाकवावा लागतो, तसा तो कायमचाच वाकलेला राहिला. म्हणजे फ्रेझरचा हुक उसना घ्यायचा तर ते डुक्कर आणि ती गरिबीही घ्यायला हवी. अलीचंही तसंच. हात खाली सोडून, ठोसा आला की मान मागं घेणं ही त्याची मोठी चूक, असं मास्तर शिकवायचे, आणि कूपरचा हुक त्यामुळंच बसला हे खरंही आहे. पण त्याला नियमाप्रमाणं हात वर धरायला लावलं असतं तर कमरेपासून सुटणारा, दिसायच्या आत लागणारा त्याचा जॅब कुठं राहिला असता?

या खेळातली मला सर्वांत छळणारी लढत मात्र बरीच नंतरची. १७ मार्च १९९०, लास वेगास. वजनगट साडेत्रेसष्ट किलोच्या आसपास. एका बाजूला मेक्सिकोचा हुलिओ सेझर चावेझ, तोवर अपराजित, शांतपणे एकेक पाऊल पुढं टाकत बरगड्या फोडणारा. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचा मेल्ड्रिक टेलर, वयाच्या सतराव्या वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, आणि तोही अपराजित. ही लढत मी व्हिडिओ कॅसेटवर पाहिली, दुकानदाराकडून तीनदा आणली. टेलरच्या हातांचा वेग डोळ्यांत मावत नाही. चावेझ एक मारतो तोवर याचे चार झालेले असतात. पण नीट बघा. चार मारून झाल्यावर टेलर बाजूला सरकत नाही, तिथंच उभा राहतो. फिलाडेल्फियाच्या जिममध्ये सरावसुद्धा लढतीसारखाच करतात, तिथला हा स्वभाव. मग चावेझचा तो एक ठोसा बसतोच. फेरीमागून फेरी गुणांत टेलर पुढं आणि चेहऱ्यानं मागं पडत जातो. ओठ सुजतात, डोळे मिटायला लागतात.

बाराव्या फेरीआधी टेलर तीनपैकी दोन परीक्षकांच्या कागदावर इतका पुढं होता, की शेवटची फेरी नुसती पळून काढली असती तरी चाललं असतं. पण गुण कुणाला दिसत नसतात. कोपऱ्यातून त्याला सांगण्यात आलं, की ही फेरी जिंकायलाच हवी. तो पुन्हा भिडला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चावेझचा उजवा ठोसा लागला आणि टेलर खाली गेला. दोर धरून उठला. रेफ्री रिचर्ड स्टील यांनी आठपर्यंत मोजलं आणि विचारलं, ठीक आहेस ना? टेलरची नजर कोपऱ्याकडं गेली होती, उत्तर आलं नाही. स्टील यांनी लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते.

टेलरला मग इस्पितळात न्यावं लागलं. चेहऱ्याचं हाड मोडलं होतं आणि लढताना त्यानं बरंच रक्त गिळलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं वरच्या वजनगटाचं अजिंक्यपद मिळवलं खरं, पण तो वेग पुन्हा दिसला नाही. तरीही तो २००२ पर्यंत खेळत राहिला. २००३ मध्ये त्याची मुलाखत अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा त्याचे शब्द एकमेकांत अडकत होते.

टेलरला काय उसनं द्यायचं? व्यायामशाळेतली जुनी मंडळी भेटली की म्हणायची, हनुवटी. मी म्हणायचो, पर्नेल व्हिटेकरचं अंग चोरणं द्या. व्हिटेकर म्हणजे डावखुरा, गुडघ्यापर्यंत वाकणारा, हाताच्या अंतरावर उभा असूनही न सापडणारा. गंमत अशी, की तो टेलरचा सोबतीच होता. दोघंही १९८४चे सुवर्णविजेते, दोघांचा चमू एक, ट्रेनर जॉर्ज बेंटनही तेच. उसनं घ्यायला दूर जायची गरज नव्हती, शेजारच्याच पिशवीवर ते रोज दिसत होतं. टेलरनं ते घेतलं नाही. घेता आलं नसेल. ज्याला मारता मारता मागं सरकायला कमीपणा वाटतो, त्याला मागं सरकणं शिकवता येतं का?

१९९३ मध्ये सॅन अँटोनियोला चावेझसमोर खुद्द व्हिटेकर उभा राहिला. म्हणजे आमच्या खेळातली कल्पना प्रत्यक्षातच आली म्हणायची. बारा फेऱ्या चावेझ हवेत ठोसे मारत राहिला. बहुतेक जाणकारांच्या मते व्हिटेकर सरळ जिंकला होता. परीक्षकांनी लढत बरोबरीत सोडवली! पण तो रिंगमधून चालत बाहेर गेला, आपला चेहरा आणि शुद्ध शाबूत घेऊन.

अलीचं आयुष्य तर या खेळाचं उलटं उत्तर आहे. १९६७ ते १९७० तो बंदीमुळं रिंगबाहेर होता. परतला तेव्हा पाय मंदावले होते आणि आपण मार पचवू शकतो हा शोध त्याला लागला. जणू कुणी शुव्हालोची हनुवटीच त्याला उसनी दिली. त्या जोरावर तो १९७४ मध्ये किन्शासाला दोरांना टेकून फोरमनचे ठोसे झेलत राहिला आणि आठव्या फेरीत जिंकला, पुढच्या वर्षी मनिलाला फ्रेझरसमोर चौदा फेऱ्या टिकला. सरावातही तो सोबत्यांना मुद्दाम मारू द्यायचा. १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. आणि माझा हेन्री कूपर? ज्याची कातडी बदलायला मी निघालो होतो, तो सर झाला आणि २०११ मध्ये, शहात्तर वर्षांचा होऊन गेला. ती पातळ कातडी फाटायची म्हणून रेफ्री त्याच्या लढती लवकर थांबवायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मागच्या महिन्यात वरवंट्याकडं गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. त्याचा हात कपाला लागताना थरथरतो, म्हणून त्या कप अर्धाच भरतात. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. मी काही बोलत नाही. त्याच्या सरावाच्या फेऱ्यांतल्या निम्म्या तरी माझ्या होत्या.

मोबाइलवर त्याला टेलरची लढत लावून दिली. तो पुढं सरकून बघत बसला. स्टील यांनी हात वर केले तसा तो उसळला, ‘अरे, दोन सेकंद होते! उभा होता ना तो!’

मी म्हटलं, ‘रेफ्रीनं बरोबर केलं.’

‘काय बरोबर? तुला मार खायची कधी सवयच नव्हती,’ तो म्हणाला, आणि खरंच रागावला. आम्ही चांगले दहा मिनिटं भांडलो, पूर्वीसारखे. वहिनी आतून हसत होत्या.

मग त्यानं चहा संपवला, मोबाइल उचलून माझ्याकडं दिला आणि विचारलं, ‘ती टेलरची लढत आहे का रे यात? शेवटी काय झालं होतं तिचं?’