साडेपाच हजार सह्या
(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज रविवार आहे म्हणून आपण इथे जमलो. हेच शिबिर मंगळवारी ठेवलं असतं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. इंजिनिअरिंग संपेपर्यंत मी असं समजत होतो की रविवारची सुट्टी इंग्रजांनी त्यांच्या चर्चसाठी ठेवली आणि आपल्याला ती आयती मिळाली. गिरणीत खपणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे खरं नाही. त्याला ती मागून, भांडून घ्यावी लागली. त्या मागणीचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. ते महात्मा फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून पुढे ते मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे आपल्या भाषेत ऑफिस स्टाफ. स्वतः मागावर उभे नव्हते, पण उभं राहणाऱ्यांचे हाल रोज डोळ्यांसमोर होते. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं आणि त्यात गिरणी कामगारांचे प्रश्न मांडायला सुरुवात केली.

तेव्हाचा कायदा काय होता? १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा. मोठ्या माणसांसाठी काहीच नाही, ना तासांची मर्यादा, ना आठवड्याची सुट्टी.

१८८४ मध्ये सरकारने एक चौकशी समिती नेमली. त्या सप्टेंबरमध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन समितीला दिलं. त्यात मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी: काम करताना जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय.

या पाचव्या मागणीपाशी मी थांबतो. माझ्या खालाचा मुलगा मोटरसायकलवरून जेवणाच्या ऑर्डरी पोहोचवतो. मागच्या पावसाळ्यात गाडी घसरली, पायाचं हाड मोडलं. दोन महिने प्लास्टर. तिसऱ्या आठवड्यात त्याची आयडी बंद झाली. कोणी फोन केला नाही, कोणी कामावरून काढलं असंही म्हटलं नाही. ॲप उघडेना, एवढंच.

मी त्या कंपनीत नाही, पण असंच सॉफ्टवेअर लिहितो. ‘इतके दिवस लॉगिन नसेल तर खातं बंद करा’, ही अट लिहायला मला दहा मिनिटंही लागणार नाहीत. माणूस पडला असेल तर काय, हे त्या अटीत नसतं, कारण ते कोणी विचारलेलंच नसतं. मीही कधी विचारलं नाही.

मी त्याला म्हणालो, सोबतच्या पोरांच्या सह्या घे, अर्ज करू. तो म्हणाला, “भाईजान, सही केली तर त्यांचीही आयडी जाईल.”

ही भीती खोटी नाही. पण त्या साडेपाच हजारांनाही गिरणीच्या फाटकाबाहेर काढणं मालकांना कठीण नव्हतं. तरी त्यांनी सह्या केल्या, आणि लगेच काही मिळालंही नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायका व्यासपीठावरून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी नवा फॅक्टरी कायदा आला आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात बसली.

आता दुसरी गोष्ट, जी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरण्यांमध्ये कोकणातून आणि देशावरून आलेले मराठी कामगार होते, तसे उत्तरेकडून आलेले मोमीन विणकरही होते. मदनपुरा त्यांनीच वसवला. दंगल गिरणगावात शिरली. तेव्हा लोखंड्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत ऐक्याची सभा भरवली. शेजारच्या मागावरच्या माणसाला शत्रू मानलं की त्याच्या सहीखाली आपली सही होत नाही, हा हिशेब कामगार पुढाऱ्याला कळायलाच हवा. आपल्या काळात तो फार थोड्यांना कळतो. आपल्या मोहल्ल्यांतही.

लोखंड्यांना देव करू नका. त्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन देशातली पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते, पण तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, फंड नव्हता. त्या अर्थाने ती आजच्यासारखी युनियन नव्हतीच. सारा भार एका माणसावर होता. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंडे गेले आणि संघटनाही टिकली नाही. नावं लिहून घेतली, पण ती बांधून ठेवणारी रचना उभी राहिली नाही. तो धडा आपणही घ्यायचा आहे.

मजुराला मजुरी वेळेवर द्यावी, हे आपण खुतब्यात ऐकतो आणि मान डोलावतो. तेच कागदावर लिहून, खाली नाव घालून मागायची वेळ आली की मागे सरतो. गेल्या दोन महिन्यांपासून आम्ही चारजण रविवारी सकाळी दोन तास मोहल्ल्यात बसतो. डिलिव्हरीवाले, रिक्षावाले, पॉवरलूमवरचे कामगार येतात. कोणाचा अपघात कधी झाला, कुठल्या दवाखान्यात दाखवलं, किती दिवसांची कमाई बुडाली, हे वहीत लिहितो. अर्ज लिहून देतो, सरकारी पोर्टलवर नोंदणी करून देतो. कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाला हे कठीण नाही, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येतं.

माझ्या भावाची आयडी अजून बंदच आहे. त्याच्या अर्जावर आजपर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. त्यातल्या चार मुसलमान नसलेल्या पोरांच्या आहेत. साडेपाच हजारांपुढे अकरा म्हणजे काहीच नाही, हे मलाही समजतं. पुढच्या रविवारी नऊ वाजता आम्ही बसणार आहोत. या.