दोन पदव्या आणि एक सातबारा



भाऊ वेगळे झाले म्हणजे शेत कसे वाटले जाते, हे तुम्हांला सांगायला नकोच. चांगली जमीन एकालाच जाऊ नये म्हणून काळ्या रानाचेही तुकडे पडतात आणि माळाचेही. विहीर सामाईक राहते, तिच्या पाण्याच्या पाळ्या लागतात. दोन पिढ्यांनी औत वळवायलाही जागा उरत नाही.

आता हा प्रश्न कोणत्या विषयाचा? वकील म्हणेल, वारसाहक्काचा. अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, खर्च-उत्पन्नाचा. शेतकीचा पदवीधर माती आणि पाणी पाहील. आणि घरातली जुनी बाई म्हणेल, अहो, हा जावाजावांचा प्रश्न आहे! चौघांचेही खरे. पण कायदा करणाऱ्याला चौघांचे एकदम ऐकावे लागते. हे ऐकून, तोलून निर्णय कसा करावा, याच्या शिक्षणाला सार्वजनिक धोरणाचा अभ्यास म्हणतात.

मुंबई राज्यात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. प्रमाणभूत क्षेत्र ठरले, त्याहून लहान तुकडा पाडायला बंदी आली. पुढे काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. कित्येक गावांत सातबारा एक आणि बांध मात्र चार! भावांना पोटाला दुसरे साधन नसेल, तर कागदावरची बंदी बांधावर कशी टिकावी?

ही गोष्ट त्याआधी जवळजवळ तीस वर्षे एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने लिहून ठेवली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध १९१८ सालचा. त्यांचे म्हणणे असे, की शेत लहान की मोठे, हे नुसते एकरांवर ठरत नाही. जवळ बैल, अवजारे, भांडवल किती, यावर ते ठरते. खरे दुखणे म्हणजे जमिनीवर पडलेला माणसांचा भार. तो हलका व्हायला उद्योगधंदे वाढले पाहिजेत. तुकडे जोडून देऊन तेवढ्याने भागणार नाही.

हे त्यांना दिसले कसे? त्यांच्या पदव्यांची यादी आपण शाळेत पाठ करून घेतो, विषयांची यादी मात्र कुणी घेत नाही. ती पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचलेला. त्याच वर्षी लंडनला जाऊन त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. मुंबईत प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, आणि १९२० साली ते परत गेले. १९२३ अखेर बॅरिस्टरी आणि डी.एस्सी. दोन्ही पुरी झाली होती. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा माणूस १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडतो, तेव्हा कुळाच्या पोटाचा हिशेब आणि कायद्याचे कलम ही दोन्ही त्याच्याच हातात असतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आज असा दुहेरी अभ्यास पुष्कळ सोपा झाला आहे. अमेरिकेत हार्वर्डला कायद्याला तीन वर्षे लागतात, सार्वजनिक धोरणाला दोन. दोन्ही जोडून घेतले तर चारच. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात २०१४ पासून धोरणाची पदव्युत्तर पदवी आहे. पवईच्या आयआयटीतही ती मिळते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली. दोन्ही वर्गात बसून, किंवा एक वर्गात व दुसरी दूरशिक्षणाने. पीएच.डी.ला ही सवलत नाही.

पण सोपे झाले म्हणून उठून कुणीही दोन अर्ज भरू नयेत, बरं का! एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत व्हायची. माझे मत विचाराल तर पहिला विषय घट्ट हवा. शेतकी घ्या, कायदा घ्या, स्थापत्य किंवा संख्याशास्त्र घ्या. धोरण त्याच्या जोडीला शोभते. आणि मुलाला एक साधी गोष्ट विचारा : तुझा प्रश्न कोणता? पाण्याचा, जमिनीचा, शाळेतल्या गळतीचा? प्रश्न सांगता आला तर दुसरा विषय कोणता, ते आपोआप ठरते. सांगता येत नसेल, तर आधी एक पदवी पुरी होऊ द्या. दुसरी कुठे पळून जात नाही.

प्रश्न सांगता आला, तर मग कागदावर बसा. वर्गाच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, अशी आयोगाची अट आहे. म्हणून दोन्ही वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवा. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, ते पाहा. आपले विद्यापीठ हे चालू देते का, ते तिथल्या कार्यालयात लेखी विचारा. आणि शुल्काची बेरीज पालकांसमोर करा, दोन्ही वर्षांची, वसतिगृह धरून.