खर्ऱ्याची तलफ

(मंगरूळपीर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



खर्रा न सुटणाऱ्यास आपण वऱ्हाडात 'मनाचा कच्चा' म्हणतो. हा अन्याय आहे. तंबाखूतील निकोटिन मेंदूपेशींवरील ॲसिटिलकोलीनच्या ग्राही केंद्रांना चिकटते आणि नित्य सेवनाने त्या केंद्रांची संख्या वाढते. जनुके अधिक संदेश धाडीत असतील, अशी शंका होती. परंतु उंदरांवरील प्रयोगांत संदेश पूर्वीइतकेच आढळले. वाढ होते ती पुढच्या टप्प्यावर, केंद्रांच्या जुळणीत. निकोटिन थांबले की ही वाढीव केंद्रे रिती राहतात व तलफ येते. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूचित्रणात ती संख्या सुमारे ६ ते १२ आठवड्यांत पूर्ववत झालेली दिसली. खर्रा सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास गुरुजनांनी एवढी मुदत द्यावी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तेथील टपरीकडे पंचायतीने पाहावे.