नुन्शिगमच्या कड्यावर रणगाडे

रणगाडा म्हणजे मोकळ्या मैदानातलं शस्त्र. दाट जंगलात त्याला पुढचं दिसत नाही, बुरूज फिरवायला जागा मिळत नाही, आणि झाडीत दबा धरून बसलेला सैनिक सुरुंग घेऊन थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून तिथे तो एकटा जात नाही. पायदळ त्याचे डोळे बनतं आणि तो पायदळाची तोफ.

या जोडीची कसोटी लागली मणिपुरात, १९४४च्या एप्रिलमध्ये. जपानी सैन्याने इंफाळजवळची नुन्शिगम टेकडी काबीज केली होती. ती मैदानापासून हजार फुटांहून उंच होती. असल्या चढावर रणगाडे येतील, असं जपान्यांना वाटलंच नव्हतं.

१३ एप्रिलला डोगरा रेजिमेंटच्या जवानांबरोबर थर्ड कॅराबिनियर्स या ब्रिटिश रणगाडा रेजिमेंटचे ‘ली’ रणगाडे चढू लागले. वाट इतकी अरुंद, की पट्टा जरा घसरला तर थेट दरीत. चालकाला दिशा दाखवण्यासाठी अधिकाऱ्यांना बुरुजातून डोकं बाहेर काढावंच लागे, आणि गोळ्या तिथेच लागत. रणगाड्यांच्या स्क्वाड्रनचे सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. मग सार्जंट मेजर क्रॅडॉक यांनी सूत्रं हाती घेतली. डोगरांचे ब्रिटिश अधिकारीही जखमी झाले होते; त्यांच्या सुभेदारांनी जवानांना पुढे नेलं. ७५ मिलिमीटरच्या तोफांनी अगदी जवळून बंकर फोडले आणि टेकडी परत मिळाली.

थर्ड कॅराबिनियर्सचा वारसा सांगणाऱ्या आजच्या ब्रिटिश रेजिमेंटमध्ये नुन्शिगम दिनी स्क्वाड्रनचं नेतृत्व अधिकाऱ्यांऐवजी सार्जंट मंडळी करतात.