दोन चुलींचं घर



स्वागत समितीच्या वतीने आणि या शहराच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. 2024 पासून सरकारी कागदावर हे शहर अहिल्यानगर आहे. जुन्या पिढीच्या तोंडी अहमदनगर आहे, आणि एसटीच्या गर्दीत उभा असलेला माणूस नुसतं ‘नगर’ म्हणतो. या नावावरही या मांडवात एकमत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी आपण सगळे एका गावात पोहोचलो, एका मांडवात बसलो, याचा मला मनापासून आनंद आहे.

वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांनी एकत्र कसं जगायचं, हा विषय आपण या संमेलनासाठी निवडलात. तो विषय आज दारात येऊन उभा आहे. भाड्याने खोली मागायला आलेल्या मुलाला आधी आडनाव विचारलं जातं, मग काय खातोस ते विचारलं जातं, आणि मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं जातं. निवडणूक होऊन वर्ष उलटतं तरी सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी दिवाळीला जात नाहीत. व्हॉट्सॲपवरच्या एका मजकुरावरून चाळीस वर्षांची मैत्री तुटते. प्रश्न विचारणाऱ्याला तर याच महाराष्ट्रात गोळ्या घातल्या गेल्या. 2013 साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर गेले, 2015 साली कोल्हापुरात गोळ्या झेललेले कॉम्रेड गोविंद पानसरे गेले. तेव्हा हा विषय केवळ परिसंवादाचा आहे असं मी मानत नाही, आपणही मानत नसाल.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी सांगावी, अशी रीत आहे. ती मी पाळतो. याच जिल्ह्यात नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुलं म्हणून समाजाने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांतलाच हा एक मुलगा. धर्माच्या नावाने ज्याला दार बंद केलं, त्यानेच त्या धर्माचं सर्वांत मोठं पुस्तक मराठी माणसाच्या हाती ठेवलं. श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरात जन्मून त्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. मालोजीराजे भोसल्यांनी शाह शरीफांच्या दर्ग्याला नवस बोलून पुत्र मागितले आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. तो दर्गा आपण उतरला आहात तिथून फार दूर नाही. शिर्डीचे साईबाबा ज्या पडक्या मशिदीत राहिले तिला ते द्वारकामाई म्हणत. पुण्यात इराणी झरतुष्ट्री घरात जन्मलेले मेहेरबाबा इथे अरणगावजवळ येऊन राहिले आणि 1925 साली धरलेलं मौन त्यांनी 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. जैन समाजाचे आचार्य आनंदऋषीजी याच जिल्ह्यातल्या चिचोंडीचे.

या यादीचा मला अभिमान आहे. पण नुसत्या यादीची मला भीतीही वाटते. अशी नावं घेतली, टाळ्या पडल्या, की आपल्या गावात सारे पूर्वीपासून गुण्यागोविंदाने राहत होते असं वाटू लागतं आणि आपल्याकडे करायला काही उरत नाही. ज्या शेख महंमदांचं नाव मी आत्ता घेतलं, त्यांच्याच स्थानावरून अलीकडे श्रीगोंद्यात वाद उभा राहिला. माणसं एकत्र राहिली ती आपोआप राहिली नाहीत. कुणीतरी पडतं घेतलं, कुणीतरी वाट पाहिली, कुणीतरी शेजाऱ्यांचे टोमणे सोसले. म्हणून आज मी आपल्याला या शहरातल्या एका घराबद्दल जरा सविस्तर सांगणार आहे.

ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचं. टिळक कोकणातले चित्पावन, संस्कृतात मुरलेले, कवी. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या. वडिलांच्या घरी सोवळ्या-ओवळ्याचा जो कडेलोट त्यांनी सोसला तो ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाच विसरता यायचा नाही. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांना वेड लागायची पाळी आली. त्या काळात धर्मांतर म्हणजे घरातला माणूस जिवंतपणी मेला असंच धरत. नातलगांनी त्यांना पंढरपूरला नेऊन सांभाळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पत्रं येत-जात राहिली, भांडणं झाली, रडारड झाली, मुलाचा ओढा दोन्हीकडे.

मग लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे परत यायचं ठरवलं, पण हिंदू राहूनच. टिळकांनी ते मान्य केलं. त्यांच्या सोवळ्याला धक्का लागू नये म्हणून राहण्याची, स्वयंपाकाची सोय वेगळी झाली. आपण डोळ्यांसमोर आणून पाहा. नवरा मिशनच्या कामात, येशूवर अभंग रचणारा. बायको आपलं पाणी आपण भरणारी, आपला स्वयंपाक आपण करणारी, देवाला नैवेद्य दाखवणारी. दोन पाण्याचे हंडे, दोन चुली. हिंदू शेजारी एका बाजूने बोलणार, ख्रिस्ती मंडळी दुसऱ्या बाजूने. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. तापट होते, लहरी होते, घरात पैसा टिकू देत नसत. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुस्तकात हातचं न राखता लिहिलं आहे. एवढा तापट माणूस, पण बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत त्याने घाई केली नाही. ज्या सत्यासाठी त्याने जात, गोत, मान सगळं सोडलं, ते आपल्या माणसाने आज स्वीकारावं असं त्याला किती वाटत असेल! तरी तो थांबला. टिळकांची कविता मोठी आहेच, पण माझ्या मते हे थांबणं तिच्याइतकंच मोठं आहे.

आणि लक्ष्मीबाई? त्या नुसत्या हट्टाने आपलं सोवळं धरून बसल्या नाहीत, त्या विचार करत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर मिळाल्यावर ज्या हातचं पाणी आजवर चाललं नव्हतं ते त्यांनी घेतलं. पोटाला, मनाला किती जड गेलं असेल ते! अंगात मुरलेली शिवाशिव एका दिवसात उतरत नाही. हे घडलं तेव्हा त्या अजून हिंदूच होत्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला, नवरा सांगतो म्हणून न घेता स्वतःची खात्री पटल्यावर. पुढे याच जोडप्याने नगरच्या घरात बालकवी ठोंबऱ्यांना मुलासारखं ठेवून घेतलं. तो कोवळा कवी हिंदूच राहिला आणि त्या घरात त्यावरून काही अडलं नाही. टिळक अखेरीस मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढायला निघाले, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

ही हकीकत मी एवढी लांबवली, त्याला कारण आहे. सहिष्णुता म्हणजे मतभेदाचा विषय टाळणं, असा आपला समज झाला आहे. पंगतीला बसताना धर्माचं बोलायचं नाही, राजकारणाचं बोलायचं नाही, मग सगळं गोड. टिळकांच्या घरात कुणी काही टाळलं नाही. जे पटत नव्हतं ते रोज समोर होतं, चुलीवर होतं, पाण्याच्या हंड्यात होतं. त्यावर ते बोलत होते, चिडत होते, आणि तरीही दुसऱ्याला त्याच्या श्रद्धेसह राहता येईल अशी सोय करत होते. ही सोय करणं हेच खरं काम आहे, आणि त्याला पैसा, जागा, वेळ, सगळं लागतं.

दुसरी गोष्टही त्यातच आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याचा मान राखला गेला, पण सोवळ्याने ज्याचा अपमान होतो त्या माणसाचा प्रश्न त्यांना शेवटी टाळता आला नाही. माझी श्रद्धा अशी आहे की अमुक माणूस हीन आहे, असं कुणी म्हणू लागला तर त्या श्रद्धेला मी या मांडवात जागा देणार नाही. याच जिल्ह्यात सोनईला 2013 च्या जानेवारीत जातीच्या अभिमानापोटी तीन तरुणांचे खून झाले. ज्ञानेश्वरांच्या नेवाशापासून ते गाव जवळ आहे. नेवाशाचा अभिमान सांगणाऱ्या प्रत्येक नगरकराने सोनईची लाजही सांगितली पाहिजे, म्हणून मी ती आज पाहुण्यांसमोर सांगतो आहे. देव मानावा, न मानावा, कुठला मानावा, मानलेला सोडावा, यात प्रत्येकाला पूर्ण मोकळीक हवी. देव न मानणाऱ्यालाही, मी पुन्हा सांगतो, पूर्ण. पण दुसऱ्याच्या जिवाशी, त्याच्या लग्नाशी, त्याच्या पाणवठ्याशी खेळण्याची मोकळीक कुणालाच नाही.

या शहरात आणखी एक घर होतं. त्यातल्या माणसांनी ते स्वतः निवडलं नव्हतं. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य नगरच्या किल्ल्यात आणले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आपले शंकरराव देव, एकूण बारा जण. मौलाना इस्लामी धर्मशास्त्राचे पंडित. नेहरूंना कर्मकांडात रस नव्हता. नरेंद्र देव समाजवादी आणि बौद्ध दर्शनाचे अभ्यासक. पटेल श्रद्धाळू आणि गांधीजींच्या शब्दाला जागणारे. ऑगस्टचा ‘भारत छोडो’ ठराव योग्य वेळी केला का, यावरून आत कडाक्याचे वाद झाले, मनं दुखावली. बाहेर निघून जायला दार नव्हतं. अशा जागी नेहरूंनी 1944 साली पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि प्रस्तावनेत सोबत्यांचे आभार मानले. संस्कृत, पाली, अरबी, फारसी जाणणारी माणसं एका भिंतीआड असल्याने या पुस्तकाला जे मिळालं ते कुठल्या ग्रंथालयातही सहज मिळालं नसतं. मौलाना पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करत आणि एका मित्राला पत्रं लिहीत. ती पत्रं टपालात पडायची नव्हती. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. त्या आजारी असताना सरकारकडे सवलत मागायला मौलानांनी नकार दिला होता. त्या दिवसांत त्यांच्या आसपास होती ती ही बाकीची माणसं, ज्यांच्याशी त्यांचे मतभेद मिटलेले नव्हते.

आता थोडं आपल्या सोयीबद्दल. भोजन समितीत मेनूवरून जेवढी चर्चा झाली तेवढी परिसंवादाच्या विषयांवरूनही झाली नसेल. मुक्कामी पाहुण्यांत चौविहार पाळणारे जैन बंधू-भगिनी आहेत. त्यांचं जेवण सूर्यास्ताआधी होईल, कांदा-लसूण-बटाट्याविना, वेगळ्या भांड्यांत. ज्यांना मांसाहार हवा आहे त्यांची सोय वेगळ्या शेडमध्ये आहे, आणि मटण हलाल असेल. दोन्हींतलं एक काढून टाकावं असा आग्रह दोन्ही बाजूंनी झाला. समितीने काहीच काढलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा मात्र सर्वांना आहे. आचाऱ्यांना दोन जादा चुली मांडाव्या लागल्या, त्यांनी त्या कुरकुर न करता मांडल्या, याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो. नमाजासाठी सभागृहामागची खोली मोकळी ठेवली आहे. कुणाला सकाळी पूजा, प्रार्थना, ध्यान करायचं असेल तर उजवीकडची खोली आहे. ज्याला यातलं काहीच करायचं नसेल त्याच्यासाठी अंगणात खुर्च्या टाकल्या आहेत आणि चहा सहापासून सुरू होतो.

उद्या दुपारी जेवणानंतर किल्ल्यातल्या नेत्यांच्या कोठड्या पाहायला बस निघेल. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र बरोबर ठेवा. परवाच्या खुल्या चर्चेत ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आज संध्याकाळपर्यंत नावं द्यावीत. माझं जे म्हणणं आपल्याला पटलं नसेल ते तिथे माझ्यासमोर मांडावं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे. आपलं पुन्हा एकदा स्वागत करून मी उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.