पिल्लाचं पोट आणि वसईचा पावसाळा

उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत इतिहास, संतसाहित्य, झालंच तर अर्थकारण ऐकायची आपल्याला सवय. सरडा हा विषय ऐकून काही कपाळांवर आठ्या पडल्या असतील. पण बेअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियातला सरडा आता मुंबई परिसरातल्या हौशी घरांत पाळला जातो, आणि पिल्लू आणणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास असतो, 'हा खातो काय?' माझं म्हणणं असं, की वसईत हा प्रश्न दुसरा यायला हवा. पहिला प्रश्न, 'हा राहणार कुठे?' कारण या प्राण्याच्या बाबतीत खाणं आणि घर अशा दोन बाबी वेगळ्या काढताच येत नाहीत. घर चुकलं की खाल्लेलं अंगी लागत नाही.

हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या अंतर्भागातला, कोरड्या झुडपी रानातला. ओंडक्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसणं हा त्याचा दिनक्रम. पूर्ण वाढ झाली की शेपटीसह अर्धा मीटर भरतो. शरीराची ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो. म्हणून पिंजऱ्याच्या एका टोकाला ३८ ते ४२ अंशांची शेकायची जागा लागते आणि दुसरं टोक २५ ते २८ अंशांचं, म्हणजे गरजेप्रमाणे त्याला सरकता येतं. ही ऊब नसेल तर पोटातला किडा पचत नाही. दुसरी गरज अतिनील-ब किरणांची. ती कातडीवर पडली की ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याच जोरावर आतडं कॅल्शियम शोषतं. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. पिल्लाला हवं असतं नेमकं उलटं, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. त्यासाठी पिशवीत रातकिडे घालून, चिमूटभर फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडर टाकून, ते पांढरे होईपर्यंत हलवतात आणि मग पिल्लापुढे सोडतात. पण अतिनील दिवा नसेल तर ही सारी खटपट पालथ्या घड्यावर पाणी. वाढत्या वयात कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा बोटाने दाबला तर दबतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो.

'मग ड-३ची पावडरच का देऊ नये?' ही शंका रास्त आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात हीच तपासणी झाली, तीही पिल्लांवर. काहींना रोज दोन तास अतिनील दिवा, काहींना तोंडावाटे ड-३. सहा महिन्यांनी दिव्याखालच्या पिल्लांच्या रक्तातलं प्रमाण तोंडावाटे घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. पावडर पूरक म्हणून ठीक, दिव्याऐवजी नाही. घरातली एलईडी ट्यूब तर या हिशोबात धरायचीच नाही. तिच्यातून ही किरणं मिळत नाहीत.

आता वसईकडे येऊ. खाडी, मिठागरं, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि वाड्या यांचा हा तालुका. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. या सरड्याला मानवते ३० ते ४० टक्के. इथे कुणीही म्हणेल, 'वसईत काय कमी उकडतं? शेकायला वेगळा दिवा कशाला?' आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण उकाडा आणि कोरडी ऊब या भिन्न गोष्टी आहेत. २८ अंशांच्या हवेत ८५ टक्के आर्द्रता आहे असं धरा. तीच हवा, तीच वाफ, फक्त तापमान ४० अंशांवर न्या. गरम हवेची वाफ धरायची ताकद वाढते, आणि आकडा ८५ वरून सुमारे ४४ वर येतो. म्हणजे शेकायचा दिवा नुसता तापवत नाही, त्या कोपऱ्यापुरती हवा कोरडीही करतो. अर्थात हे दिवा चालू असेपर्यंतच. रात्री तो बंद होतो, कारण प्राण्याला अंधार लागतो, आणि ओल परत येते. ओल आणि गारवा एकत्र आले की फुप्फुसाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून पावसाळ्यातल्या रात्री खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लागतो, मात्र गार झोत पिंजऱ्यावर नको. माशांची काचेची टाकी इथे गैरसोयीची. बाजूंना भरपूर जाळी असलेला लाकडी पिंजरा बरा. पिल्लाच्या डोक्यावर पाणी फवारत बसण्याचा सल्ला कोरड्या देशांतल्या पाळणाऱ्यांचा आहे. वसईच्या जुलैत तो पाळायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: 'ऊन फुकट आहे, गॅलरीत ठेवू.' उन्हाची बरोबरी कोणताही दिवा करत नाही, हे मान्य. पण बंद खिडकीतून आलेलं ऊन कामाचं नाही. साधी काच अतिनील-ब किरणं जवळजवळ सगळी अडवते. काचेची पेटी थेट उन्हात ठेवली तर पिल्लू भाजून निघेल. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, कावळ्या-मांजरांवर नजर ठेवून, हिवाळ्यात सकाळी थोडा वेळ न्यावं, उत्तम. पण जून ते सप्टेंबर ऊन आणायचं कुठून? आणि याच महिन्यांत वीज जाते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं, रेल्वे ठप्प झाली, अनेक भाग अंधारात गेले. असे दिवस गृहीत धरूनच इन्व्हर्टरची सोय करावी, आणि ऊब नसेल त्या दिवशी पिल्लाला किडे देऊच नयेत. एखादा उपवास चालेल, पोटात कुजलेलं अन्न चालणार नाही.

खाण्याकडे मी मुद्दाम उशिरा आलो. पिल्लाच्या आहारात बहुतांश किडे असतात. मोठेपणी प्रमाण उलटून पाला जास्त होतो. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपतील इतके किडे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे उचलावेत, नाहीतर रात्री तेच पिल्लाला चावतात. ते विकत घ्यावेत किंवा घरी पैदास करावी. शेतातले नाकतोडे फवारणीचं विष घेऊन येतात आणि स्वयंपाकघरातल्या झुरळाने पेस्ट कंट्रोलचं जेल खाल्लेलं असू शकतं. पावसाच्या तोंडाशी सह्याद्रीच्या पायथ्याला काजवे दिसतात. हौसेनेही एक देऊ नये. अमेरिकेत काजवा खाऊन हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. पाल्यात शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा चालतो. पालक आणि माठ नेहमी नको. त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि वसईकरांना न रुचणारी गोष्ट: आपलं केळं, मग ते आगाशीचं सुकेळं का असेना, त्याच्या कामाचं नाही. केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट असतो.

पिंजऱ्याचं उरलेलं थोडक्यात. वाळू घालू नये, पिल्लू ती गिळतं आणि आतडं तुंबतं. खाली फरशी किंवा कागद. एका पिंजऱ्यात एकच. दोन ठेवली तर शेपटीचे आणि बोटांचे तुकडे पडतात. तापमापक दोन्ही टोकांना हवेत. अतिनील ट्यूब डोळ्यांना पेटलेली दिसली तरी तिची किरणं कमी होत जातात. कंपनीने सांगितल्याप्रमाणे सहा ते बारा महिन्यांत बदलावी. या सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू देऊ नये.

कुणी म्हणेल, 'हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले, इथली हवा त्यांच्या अंगवळणी पडेल.' ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाजारातले पिंजऱ्यातलेच वंशज, हे खरं. पण काही दशकांच्या पैदाशीत बदलले ते मुख्यतः रंग. ऊन आणि कोरडेपणाची गरज तशीच आहे. कायद्याचंही भान हवं. २०२२ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी अनुसूचीतल्या परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली आहे. आपली प्रजाती त्यात येते का हे वनखात्याकडे विचारून, विक्रेत्याकडून कागद घेऊनच पुढे जावं. आणि झेपलं नाही म्हणून तुंगारेश्वरच्या जंगलात सोडून येणं हा पर्याय नव्हे.

तेव्हा ज्यांच्या मनात हे पिल्लू आणायचं आहे, त्यांना एकच विनंती. पिंजरा आधी घ्या, दिवे लावा, आणि येत्या जुलैत तो रिकामाच चालवा. सकाळ-रात्र दोन्ही टोकांचं तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा. विरार लोकलने त्याच्यापर्यंत जायला किती वेळ लागतो तेही पाहून ठेवा. आकडे जमले तर ऑक्टोबरात पिल्लू आणा. नाही जमले तर पिंजरा विकून टाका.