टोनी स्टोन : बहिष्कृतांतील बहिष्कृत

(वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की जॅकी रॉबिन्सन यांचे नाव आपण आदराने घेतो. १९४७ साली त्यांनी बेसबॉलच्या गोऱ्या लीगमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली. परंतु याच खेळात दुहेरी भिंतीशी झुंजलेल्या एका स्त्रीची ओळख मी आज करून देणार आहे. तिचे नाव टोनी स्टोन.

१९२१ साली वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेली टोनी मिनेसोटातील सेंट पॉल येथे वाढली. १९४३ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक बेसबॉल लीग निघाली. ती १९५४ मध्ये संपेपर्यंत एकही कृष्णवर्णीय स्त्री तिच्यात खेळू शकली नाही. वर्णाने ते दार बंद केले. उरले होते ते स्वसमाजातील पुरुषांचे संघ. अखेर १९५३ साली नीग्रो अमेरिकन लीगमधील इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाने तिला दुसऱ्या बेसवर खेळण्यासाठी घेतले.

यामागे केवळ समतेची तळमळ होती, असे मात्र नाही. रॉबिन्सननंतर उत्तमोत्तम कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगकडे वळले आणि या संघांचे प्रेक्षक ओसरले. गर्दी खेचण्यासाठी मालकाला एक नवल हवे होते. तिने स्कर्ट घालून खेळावे, अशी सूचनाही झाली. तिने ती ठामपणे नाकारली. नवल म्हणून आणलेली ही स्त्री खेळाडू म्हणून उभी राहिली. बेसकडे झेपावणारे प्रतिस्पर्धी बुटांच्या खिळ्यांनी तिला जखमी करीत. ते व्रण ती अभिमानाने दाखवी. सुमारे ५० सामन्यांत तिची फलंदाजीची सरासरी .२४३ होती.

१९५४ मध्ये ती कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात गेली. तेथे तिला बहुतेक वेळ बाकावरच बसवून ठेवण्यात आले. त्या हंगामानंतर तिने व्यावसायिक खेळ सोडला. १९९६ साली तिचे निधन झाले. २०२० मध्ये नीग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा मिळाला, पण तो १९२० ते १९४८ या काळापुरताच. टोनीचे दोन्ही हंगाम त्या सन्मानाच्याही बाहेर राहिले.

मित्रहो, या कहाणीतील पहिला अन्याय आपल्याला चटकन ओळखता येतो. तो आपण भोगलेला आहे. दुसरा ओळखणे कठीण, कारण तो करणारे हात आपलेच असू शकतात. समाजाची प्रगती बाबासाहेब स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हे स्पष्टपणे सांगितले. त्या मापाने आपण स्वतःला मोजले पाहिजे. आपल्या कार्यक्रमांत भगिनी स्वयंपाकघरात आणि बंधू व्यासपीठावर, हे दृश्य किती दिवस चालणार? आपल्या मुलींना शोभेपुरते पुढे बसवू नका. त्यांना मैदानात उतरवा आणि खेळू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!